मशीन बोलावण्याआधी: कोकणातलं रान साफ करताना

पोकलेन जमिनीवर उतरला की विचार करायला वेळ उरत नाही. तासाचं मीटर फिरू लागतं, ऑपरेटर विचारतो, "कुठून सुरू करू?", आणि मालक बोट दाखवेल तिकडे बकेट वळते. कोयती आणि कुदळ घेऊन चार गडी महिनाभर जे रान बेणतील, ते हे मशीन दोन-तीन दिवसांत उघडं करून देतं. हाताच्या कामात विचार कामाबरोबर चालत राहतो. सकाळी एक झाड तोडायचं ठरवलं आणि दुपारी मन बदललं, तर झाड उभंच असतं. मशीनच्या कामात तशी सवलत नाही. म्हणून आंबा-काजूच्या लागवडीसाठी, घरासाठी किंवा रस्त्यासाठी वरकस जमीन साफ करणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे. काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे मशीन येण्याआधी ठरलेलं हवं. जमिनीवर खुणा झालेल्या हव्यात आणि कागद हातात हवेत.

कागदांपासूनच सुरुवात करू, कारण मशीन उभं राहण्याची सर्वांत जास्त वेळ कागदांमुळेच येते.

सातबारा ताजा काढा आणि पूर्ण वाचा. कोकणात जमीन बहुधा सामायिक असते. नावं वीस-पंचवीस, त्यातली निम्मी मुंबईला. सहहिस्सेदारांची लेखी संमती नसेल तर काम सुरू झाल्यावर कोणीतरी येऊन उभं राहतं, आणि थांबलेल्या मशीनचंही भाडं लागतं. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्या. जुना गडगा हाच अनेक ठिकाणी हद्दीचा एकमेव पुरावा असतो. बकेटच्या एका फटक्यात तो गेला की पुढची दहा वर्षं शेजाऱ्याशी वाद.

सातबाऱ्यावरच्या 'इतर अधिकार' रकान्यात वनाचा काही उल्लेख आहे का, हे विशेष काळजीने पाहा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम १९७५ मधला. त्याखाली गेलेली जमीन आपल्या ताब्यात असली तरी ती आपली म्हणून साफ करता येत नाही. १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमिनीचा वनेतर वापर करायला केंद्राची पूर्वमंजुरी लागते. शिवाय गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ मालकी कोणाची हे न पाहता लावायचा, असा आदेश दिला. त्यामुळे खासगी मालकीचं दाट रानही त्या कक्षेत येऊ शकतं. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला मनाई केली. रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी तिथले डोंगर ज्या वेगाने उघडे होत होते, ते पाहणाऱ्याला या आदेशाची गरज समजावून सांगावी लागत नाही. त्या भागातल्या वाचकांनी आपलं गाव त्यात येतं का, हे वन विभागात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. खाडीकाठच्या जमिनीत कांदळवन असेल तर तिथे मशीन नेण्याचा विचारच सोडून द्या.

आता झाडांचं. ग्रामीण भागात महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ, हळदू, बीजा ही झाडं आणि कांदळवन आहे. यातलं झाड आपल्याच जमिनीत, आपल्याच आजोबांनी लावलेलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. तोडलेला माल हलवायचा तर वाहतूक परवान्याची चौकशी वेगळी करावी लागते, आणि खैराच्या बाबतीत तर वन विभाग फार कडक असतो. ठेकेदार म्हणतो, "परवानगीचं मी बघतो." त्यावर भरवसा ठेवू नका. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाने निघते, मशीनवाल्याच्या नावाने नाही. अर्ज तुमच्या सहीने जाऊ द्या आणि परवानगीची प्रत काम चालू असताना तुमच्या खिशात असू द्या.

माती, मुरूम आणि जांभा यांचाही कायदा आहे. आपल्या शेतात सपाटीकरण करणं वेगळं, आणि निघालेला मुरूम डंपरने बाहेर देणं वेगळं. तहसीलदारांच्या परवानगीशिवाय गौण खनिज बाहेर नेलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र, वाहनही जप्त होतं. "मुरूम मला द्या, साफसफाई फुकट करून देतो" असा व्यवहार कोणी पुढे केला तर तो नाकारा. फळबाग रोजगार हमीतून घेत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या कामात मजुरांच्या जागी यंत्र लावायला मनाई आहे. मजुरांच्या हजेरीपटावर दाखवलेले खड्डे जेसीबीने मारले तर अनुदान तर अडकतंच, शिवाय गावातल्या गरिबाची मजुरी जाते.

जमीन पायाखाली घालणं

कागद झाले की जमीन चाला. एकदा उन्हाळ्यात आणि जमलं तर एकदा भर पावसात. पावसात चाललात तर पाणी कुठून येतं, कुठे जमतं, कुठे जमिनीतून उपळतं, हे डोळ्यांना दिसतं. मे महिन्यात तीच जागा कोरडी ठणठणीत असते आणि तिथेच आपण रस्ता आखतो.

बरोबर चुन्याचा डबा आणि गेरू घ्या. जे ठेवायचं त्याला छातीच्या उंचीवर चुन्याचा पट्टा, चारी बाजूंनी दिसेल असा. जे काढायचं त्याला गेरूचा. ज्यावर कसलीच खूण नाही त्याला हात लावायचा नाही, हा नियम ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगा. उलट नियम ठेवला, म्हणजे 'खूण नसेल ते काढ' म्हटलं, तर विसरलेलं प्रत्येक झाड जातं.

काय ठेवायचं? पऱ्याच्या किंवा वहाळाच्या दोन्ही काठांवरचं रान पूर्ण ठेवा. डोंगराच्या माथ्यावरची झाडं ठेवा, कारण तिथून सुटलेलं पाणी खालच्या सगळ्या बागेवर येतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूची झाडांची रांग ठेवा. कलमं मोठी झाल्यावर मोहोराच्या दिवसांत तिची किंमत कळते. रातांबा, जांभूळ, फणस, हिरडा यांतलं जे बागेच्या आड येत नाही ते राहू द्या. मधमाश्या आणि इतर कीटक अशाच झाडाझुडपांवर टिकतात आणि आंब्या-काजूच्या परागीभवनाला तेच लागतात. देवराईचा तुकडा, राखणदाराची जागा, जुनी पाणंद, विहिरीकडे जाणारी पायवाट यांना मशीनपासून लांब ठेवा. गावाची वाट मोडून केलेली बाग गाव राखत नाही.

घाणेरी, रानमोडी, करवंदीच्या जाळ्या यांसाठी मशीन खरोखर उपयोगी आहे. पण करवंदीबद्दल मला नेहमी वाटतं, की हद्दीवरची जाळी काढून तिथेच पैसे घालून तारेचं कुंपण करणं हा नाहक खर्च आहे.

कोणतं मशीन

आपल्याकडे तीन-चार प्रकारची यंत्रं भाड्याने मिळतात. फिनलंड-स्वीडनच्या जंगलांत मात्र झाड पकडून, कापून, फांद्या सोलून ठरावीक लांबीचे तुकडे करणारी हार्वेस्टर यंत्रं चालतात. ती सरळसोट सूचिपर्णी झाडांसाठी बनलेली आहेत. आपल्या वेड्यावाकड्या ऐन-किंजळांच्या रानात झाड पाडायचं ते कटरवाल्यानेच, हातातल्या साखळी-करवतीने. मशीनचं काम त्यानंतर सुरू होतं.

जेसीबी म्हणून आपण ज्याला ओळखतो ते पुढे लोडर आणि मागे खोदाईचा हात असलेलं, साधारण साडेसात टनांचं चाकांचं मशीन. ते स्वतःच्या चाकांवर डांबरी रस्त्याने येतं, त्यामुळे ने-आणीचा खर्च कमी. झुडपं काढणं, छोटे खुंट उपटणं, चर मारणं, ट्रॉली भरणं याला ते पुरेसं. पण चाकांमुळे ओल्या जमिनीत रुततं आणि उतारावर त्याचा भरवसा नाही.

पोकलेन चेनवर चालतो. नेहमी मिळतो तो २० टनांच्या आसपासचा. वजन जवळपास तिप्पट असूनही चेनमुळे ते पसरतं, म्हणून मऊ जमिनीत तो जेसीबीपेक्षा चांगला चालतो. मोठे खुंट, धोंडे, कातळ फोडायला ब्रेकर, डोंगरात रस्ता काढणं, ही त्याची कामं. तो ट्रेलरवरून आणावा लागतो. ट्रेलर तुमच्या गावच्या वळणांवरून, साकवावरून येईल का, हे आधी बघा. ट्रेलर दोन किलोमीटर अलीकडे थांबला आणि पोकलेन चेनवर डांबरावरून चालत आला, तर रस्त्याची नासाडी होते आणि ग्रामपंचायत ती भरून मागते, ते योग्यच आहे.

या दोहोंखेरीज मिळणारा छोटा पोकलेन, पाच ते आठ टनांचा, हा मला बागायतदारासाठी सर्वांत शहाणा पर्याय वाटतो. जुन्या कलमांमधून तो फिरतो, माती कमी दाबतो, आणि त्याच्या हातून होणारं नुकसानही त्याच्या आकाराएवढंच असतं. तासाला काम कमी होतं खरं. पण एकर-दोन एकराच्या जमिनीला घाई कसली? डोझर मात्र फळबागेच्या कामाला शक्यतो आणू नये. त्याचा फाळ झाडाबरोबर वरची मातीही ढकलत नेतो.

आणि ही वरची मातीच खरी मिळकत आहे. हिशेब करून पाहा. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्यावरची फक्त सहा इंच माती खरवडली तर ६१७ घनमीटर, म्हणजे २१८ ब्रासच्या आसपास माती हलते. जांभ्याच्या जमिनीत पुष्कळ ठिकाणी एवढीच माती असते, खाली कातळ. ती पालापाचोळ्याची काळी माती पुन्हा तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. बाहेरून विकत आणायची म्हटली तर एवढ्या ब्रासचा भाव तुमच्या गावात काय आहे ते विचारा, म्हणजे ऑपरेटरला "जरा वरून साफ करून घे" असं सांगण्याचा अर्थ कळेल. साफसफाईला दातांची बकेट वापरायला सांगा. दातांमधून माती खाली गळते आणि मुळं वर येतात. खुंट उपटल्यावर हवेत दोन-चारदा झटकून माती त्याच खड्ड्यात पाडायला सांगा. घर किंवा रस्ता करायचा असेल तिथे मात्र वरची माती आधी वेगळी काढून एका बाजूला ढीग करा, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, आणि कलमांचे खड्डे भरायला ती काळी माती वापरा.

व्यवहार

तासाचा दर सगळे विचारतात, बाकीचं विचारत नाहीत. डिझेल दरात धरलेलं आहे का? ने-आणीचं भाडं वेगळं किती? दिवसाला कमीत कमी किती तास धरणार? ब्रेकर लावला तर दर किती वाढतो? बिघाड झाला तर तो वेळ कोणाच्या खात्यात? ऑपरेटर आणि हेल्परचं जेवण, भत्ता कोणाकडे? हे सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सही करा.

मशीनमधलं मीटर इंजिन चालू असेपर्यंत फिरतं, बकेट हलो न हलो. म्हणून सकाळी सुरू करताना आणि संध्याकाळी बंद करताना आकडा वहीत लिहा, ऑपरेटरची सही घ्या, जमल्यास मोबाइलवर फोटो काढा. ठरवता येत नाही म्हणून मशीन चालू ठेवून अर्धा तास चर्चा झाली, तर तो अर्धा तास तुमचाच. मशीनचा विमा आणि ऑपरेटरचा परवाना चालू आहे का हेही बघून घ्या. एकरावर ठोक दर मिळत असेल तर तो स्वस्त वाटतो, पण ठोक दराने काम करणारा ऑपरेटर लवकर सुटायला बघतो आणि राखायच्या झाडाला बकेट लागली तरी थांबत नाही. तासावरच काम द्या आणि स्वतः हजर राहा. मुंबईत बसून फोनवर रान साफ करून घेऊ नका.

उतार

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण माणसं इथेच मरतात.

मशीन उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चालवायचं. आडवं चालवलं तर एका बाजूची चेन खाली खचते आणि मशीन कलंडतं. चालताना बकेट जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवायची, म्हणजे घसरलं तर टेकवून थांबवता येतं. भरलेली बकेट उताराच्या खालच्या बाजूला जोरात फिरवायची नाही. नुकत्याच टाकलेल्या भरावाच्या कडेवर मशीन न्यायचं नाही. मशीन उभं करताना बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायचं. चांगल्या ऑपरेटरला हे सांगावं लागत नाही. पण तो तसं करतो की नाही, हे तुम्हाला कळायला हवं, आणि करत नसेल तर काम थांबवायचा अधिकार तुमचा आहे.

उभं मोठं झाड मशीनने ढकलून पाडू देऊ नका. मुळांची गादी उचलली जाते तेव्हा ती मशीनखालची जमीनही उचलते, आणि वाळलेली फांदी थेट केबिनवर येते. झाड कटरवाल्याने दिशा धरून पाडावं. पाडताना झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी नसावं. वायर रोप लावून खुंट ओढत असाल तर रोपच्या रेषेत आणि जवळपास कोणी उभं राहू नये. तुटलेला रोप चाबकासारखा परत येतो. पोकलेनचा हात आणि मागचं वजन जेवढ्या वर्तुळात फिरतं, त्याच्या बाहेर दोरी बांधून माणसांना रोखा. गावात मशीन आलं की मुलं जमतात. त्यांना आवरायला एक माणूस वेगळा ठेवा, त्याची मजुरी द्या, आणि त्या माणसाला दुसरं काम सांगू नका.

विजेच्या तारेखाली काम करायचं असेल तर आधी महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. मशीनचा हात तारेला लागलाच तर ऑपरेटरने केबिनमध्येच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी मशीनजवळ यायचं नाही. आग लागली तरच उडी मारायची, दोन्ही पाय एकत्र ठेवून, मशीन आणि जमीन दोहोंना एकाच वेळी न शिवता, आणि मग पाय न उचलता, जमिनीवर घासत लांब जायचं. संध्याकाळी उजेड गेला की काम बंद. हेडलाइट लावून उतारावर रात्री काम करून घेणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांनी वाचवलेल्या ने-आण भाड्यापेक्षा त्या ऑपरेटरचा जीव मोठा आहे.

आता उताराच्या जमिनीचं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं आणि १५१ माणसं गेली. मुसळधार पाऊस झाला होताच. पण त्यानंतर डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा प्रश्न राज्यभर चर्चेला आला, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या बागेला लागू होतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, आणि कापलेली माती खालच्या बाजूला नुसती ओतली की ती पाणी पिऊन सुटते. म्हणून घराच्या वर किंवा वस्तीच्या वर असलेला उतार मशीनने कापू नका. रस्ता काढणं अटळ असेल तर अभियंत्याला दाखवून, भिंत आणि पाण्याची वाट यांसकट काढा.

फळबागेसाठी पूर्ण डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचा करण्याची गरज बहुतेक वेळा नसते. तीव्र उतारावर एकेका कलमापुरतं अर्धचंद्राकृती थाळं पुरतं, तेही मजुरांकडून करून घेता येतं. पायऱ्या करायच्याच असतील तर त्यांचा कल आतल्या बाजूला, डोंगराकडे हवा आणि आतल्या कडेने पाणी नेणारा चर हवा. बाहेरच्या बाजूला कल ठेवला तर जास्त पावसात पायरीची कड फुटते. भराव टाकण्याआधी खालचं गवत-झुडूप काढून जमीन खडबडीत करा आणि माती थराथराने दाबत न्या. रेषा डोळ्यांनी धरू नका. लाकडाची ए-आकाराची चौकट आणि ओळंबा घेऊन दोन माणसं एका दिवसात समतल रेषा आखून चुन्याने मारतात, आणि ऑपरेटर त्या रेषेवरून चालतो.

उतारावरचे सगळे खुंट उपटायचा हट्टही सोडा. जिथे खड्डा पडणार नाही तिथलं झाड जमिनीलगत कापा आणि मुळं तशीच राहू द्या. ती कुजेपर्यंत काही वर्षं माती धरून ठेवतात आणि तोवर कलमांची मुळं पसरलेली असतात. शिवाय उपटण्याचे तास वाचतात.

निघालेला पालापाचोळा पऱ्यात ढकलू नका. पहिल्या मोठ्या पावसात तो खालच्या मोरीत अडकतो आणि पाणी कोणाच्या तरी घरात शिरतं. ढीग करून पेटवूही नका. आगीखालची माती भाजून निघते आणि फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात ठिणगी शेजारच्या काजूत जाते. सरपण काढून घ्या. उरलेला काडीकचरा समतल रेषेवर आडव्या ओळींत रचा. तो वाहती माती अडवतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत खत होतो. धोंड्यांचे गडगे करा, पण दगड हलवताना बूट घाला, कारण त्याखाली फुरसं असतं. उघड्या पडलेल्या बांधांवर आणि भरावाच्या कडांवर वाळा किंवा स्टायलो गवत लावा.

आता वेळापत्रक. मशीनला चांगला काळ दिवाळीनंतरचा. जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, खुंट सहज सुटतात. मार्चअखेर जड काम संपवा. एप्रिल-मे खड्डे, गडगे, चर यांसाठी ठेवा. मे महिन्यात सगळ्यांना एकदमच मशीन हवं असतं. मग दर चढतात, ऑपरेटर थकलेला असतो, आणि ढिली केलेली माती आठ-पंधरा दिवसांत पावसाच्या तोंडी जाते. तुमचं काम मेच्या मध्यापर्यंत अर्धवट राहिलं असेल तर ते तसंच राहू द्या. उघडा झालेला भाग झाका, चर साफ करा, मशीन परत पाठवा आणि उरलेला उतार दिवाळीनंतर हातात घ्या.